हमीदा युरोपला गेलीच नाही

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची मीटिंग संपली, बाकीच्या जणी चपला घालून निघाल्या, तरी एक बाई मागेच रेंगाळत होती. एकच सतरंजी तिनं दोनदा झटकली, दोनदा घडी घातली. म्हटलं, हिला काहीतरी बोलायचंय.

तर झालं होतं असं, की तिची सोळा वर्षांची लेक बॉक्सिंग शिकते. शाळेतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला असं करत पोरगी राज्याबाहेरच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. आणि घरात वडील नि आजी दोघंही अडून बसले. नाक मोडलं, दात पडला तर उद्या हिला पाहायला कोण येणार, हा त्यांचा प्रश्न. संमतीच्या कागदावर सही करायची होती आणि तो कागद चार दिवस देवघरातल्या फळीवर तसाच पडून होता.

मी तिला खाली बसवलं, चहा टाकला आणि हमीदा बानूची गोष्ट सांगितली. बाईचे डोळे चमकले. घरी जाताना तिची पावलं जरा वेगळी पडत होती. पण खरं सांगू? मी तिला त्या दिवशी अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी सांगायचा मला धीर झाला नाही. आज इथे पूर्ण सांगते.

आता तुम्ही विचाराल, कोण ही हमीदा बानू? मलाही ठाऊक नव्हतं. बी. ए.ला इतिहास घेतला होता, पण त्या पुस्तकांत ती कुठे नव्हती. ४ मे २०२४ ला माझ्या मुलीनं मोबाईल पुढे केला. गुगल उघडलं की वर जे चित्र असतं ना, तिथे त्या दिवशी एक दणकट बाई होती. हमीदा बानू, भारतातली पहिली व्यावसायिक महिला पहिलवान मानली जाते ती. पुढे शोधत गेले तर कळलं, की ही बाई आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं आपल्या ठाणे जिल्ह्यात, कल्याणला राहिली. लोकलनं आपण जे कल्याण स्टेशन ओलांडतो, तेच कल्याण! आणि आपल्याला नावही माहीत नाही.

हमीदा मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. तिला कुस्तीचं वेड लागलं आणि घरच्यांचा त्याला विरोध झाला. होणारच. बाईनं तालमीची पायरी चढायची नाही, ही रीत तर माझ्या लहानपणीही आमच्या गावात होती. भाऊ तालमीत जायचा, आम्ही बहिणी बाहेरच्या कट्ट्याजवळ त्याच्या डब्याची पिशवी घेऊन उभ्या. आतून शड्डूचे आवाज यायचे तेवढेच. मग त्या काळात, इंग्रजांच्या राज्यात, एका मुसलमान घरातल्या मुलीनं लाल मातीत उतरायचं म्हटल्यावर काय झालं असेल, याची कल्पना करा. मिर्झापूरला आलेले सलाम पहिलवान तिला भेटले आणि ती त्यांच्यासोबत अलीगडला गेली. तेच तिचे वस्ताद झाले. सलाम पहिलवान हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

अलीगडच्या त्या तालमीत ती मुलांच्या बरोबरीनं घडली. तिच्यासाठी बायकांची जोड मिळणार कुठून? त्या काळी कुस्ती खेळणाऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच. म्हणून ती पुरुषांशीच लढली. १९४४ सालच्या मुंबईतल्या एका प्रसंगाची वर्तमानपत्रात बातमी आहे. गूँगा पहिलवानाशी तिची कुस्ती ठरली होती आणि ती बघायला सुमारे २० हजार माणसं जमली होती. ऐनवेळी गूँगा पहिलवानानं जास्त पैसे आणि जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली, आणि चिडलेल्या लोकांनी मैदानात मोडतोड केली. एका बाईची कुस्ती बघायला मिळाली नाही म्हणून १९४४ साली २० हजार लोकांचा जीव एवढा खालीवर व्हावा!

तिच्या खुराकाच्या बातम्या तर कुस्तीपेक्षा जास्त छापून यायच्या. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. म्हणजे आपल्यातल्याच कुणासारखी उंची, पण पुढे डोंगर. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटरच्या वर फळांचा रस, एक कोंबडी, जवळजवळ किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन ताटं बिर्याणी. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. मैत्रिणींनो, मी हे वाचताना पहिल्यांदा थबकले ती त्या नऊ तासांवर. आपल्याकडे सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर झोपणाऱ्या बायकांची काही कमी नाही. पोटभर खाणारी आणि शांत झोपणारी बाई म्हणजे बातमीच की!

पण हमीदाला खरी अडचण होती ती समोरच्या जोडीची. कितीतरी पहिलवान तिच्याशी लढायलाच तयार नसत. हरले तर अब्रू जाणार, आणि जिंकले तरी बाईला हरवलं यात कसला पराक्रम? मग फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं एक जाहीर आव्हान दिलं. जो पुरुष तिला कुस्तीत हरवेल त्याच्याशी ती लग्न करील. झालं! देशभर गाजावाजा. त्यानंतर लगेच तिनं पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन नामांकित पहिलवान चीत केले.

मे महिन्यात ती बडोद्याला गेली. ट्रकवर, गाड्यांवर तिच्या कुस्तीचे फलक लावून शहरभर जाहिरात झाली. जोड ठरली होती छोटे गामा पहिलवानाशी. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. पण ऐनवेळी त्यानं बाईशी लढणार नाही म्हणून माघार घेतली. मग बाबा पहिलवान पुढे आला. ही कुस्ती किती वेळ चालली असेल? १ मिनिट ३४ सेकंद. गॅसवरचं दूध उतू जायला सुद्धा याहून जास्त वेळ लागतो. बाबा पहिलवान पाठीवर पडला आणि लग्नाचा प्रश्नच मिटला. परदेशी वृत्तसंस्थांनी ही बातमी जगभर पाठवली. तोपर्यंत तिनं तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचं सांगितलं जाई. अलीगडची वाघीण म्हणावं असा तिचा दरारा होता. उर्दूतल्या थोर लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या एका कथेतही तिचा उल्लेख येतो, म्हणजे घराघरात तिचं नाव पोचलं होतं.

हे सगळं ऐकून आमच्या गटातल्या त्या बाईनं टाळीच वाजवली होती. पण नाव झालं म्हणून सगळं गोड होतं असं नाही. एकदा एका पुरुष पहिलवानाला हरवल्यावर बघ्यांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. आपल्या पुण्यात तिची रामचंद्र साळुंके यांच्याशी कुस्ती ठरली होती, ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. शेवटी तिनं थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. मोरारजींचं म्हणणं पडलं, की ती बाई आहे म्हणून बंदी नाही, तर कुस्त्या भरवणारे तिच्यापुढे नकली पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत.

आता हे खरं, की तिच्या कुस्त्या आधीच ठरवलेल्या असतात, समोरचा मुद्दाम पडतो, असं तेव्हाही बोललं जायचं आणि पुढे पुस्तकांतही लिहिलं गेलं. त्या काळातल्या जाहिरातीच्या दंगलीत तमाशा बराच असे, ते पुरुषांच्या कुस्त्यांतही असे. मी काही कुस्तीतली जाणकार नाही. पण एक मनात येतं. पुरुष जिंकला की त्याचा डाव बघतात, आणि बाई जिंकली की आधी लबाडी कुठे झाली ते शोधतात. आपल्याकडे एखादी बाई सरपंच झाली तरी तेच, नाही का?

त्याच १९५४ साली मुंबईत तिच्यासमोर आली रशियाची वेरा चिस्टिलिन. तिला रशियाची अस्वलीण म्हणत. ही कुस्ती एक मिनिटही टिकली नाही. हमीदा जिंकली. आणि मग तिनं जाहीर केलं, की आता युरोपला जाणार, तिथल्या पहिलवानांशी लढणार.

मैत्रिणींनो, हे काही वेड्या बाईचं स्वप्न नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव फिनलंडला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं ब्राँझ पदक जिंकून आले होते. त्यांच्या प्रवासासाठी गावानं वर्गणी काढली होती, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. परत आले तेव्हा कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्याच हेलसिंकीला आपल्या देशाच्या चार मुलीही गेल्या होत्या. धावायला मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष, पोहायला डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तर बारा वर्षांचीही झाली नव्हती! म्हणजे बाईनं खेळासाठी सातासमुद्रापार जाणं तेव्हा नवलाचं होतं, पण अशक्य नव्हतं.

फरक एवढाच, की खाशाबांच्या मागे गाव उभं होतं. हमीदाच्या वाटेत तिचं घर उभं राहिलं.

इथपर्यंतच मी त्या बाईला सांगितलं होतं. युरोपला जायचं ठरलं म्हटलं आणि चहाचे कप उचलले. तिनं विचारलं, मग गेली का? मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. आता ऐका.

हमीदा युरोपला गेलीच नाही. त्या घोषणेनंतर थोड्याच दिवसांत ती आखाड्यातूनही गायब झाली. बातम्या थांबल्या. काय झालं ते जगाला कळायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली, जेव्हा बीबीसीच्या एका पत्रकारानं तिच्या माणसांना शोधून काढलं. तिनं एक मुलगा वाढवला होता. त्याचा मुलगा, म्हणजे हमीदाचा नातू, शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. त्यानं सांगितलं, की तिनं युरोपला जाणं सलाम पहिलवानांना पसंत नव्हतं. तिला थांबवण्यासाठी त्यांनी तिला मारलं, तिचे हात मोडले. शेजारच्या माणसाच्या आठवणीत तिचे पायही मोडले होते. ती उभीसुद्धा राहू शकत नव्हती. पुढे हाडं जुळली, पण कितीतरी वर्षं तिला काठीशिवाय नीट चालता येत नव्हतं.

ज्या बाईनं मोठमोठे पुरुष मातीत लोळवले, तिचे हातपाय घरात मोडले गेले. मोडणारा तिचाच वस्ताद. तो तिचा नवरा होता की नाही याबद्दल घरातलेच वेगवेगळं सांगतात. सलाम पहिलवानांची मुलगी म्हणते लग्न झालं होतं, नातू म्हणतो नव्हतं झालं. कुस्ती ठरवून केलेली असेल नसेल, ते लोक भांडत बसोत. हाडं मात्र खरीच मोडली होती.

मी गेली पंधरा वर्षं आमच्या तालुक्यात मारहाण झालेल्या बायकांसोबत पोलीस चौकीत, दवाखान्यात जाते. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच, की एवढी धडधाकट बाई, हिनं उलटून एक का नाही ठेवून दिली? सुरुवातीला मलाही असंच वाटायचं. आता नाही वाटत. एक तर मुठी वळल्या की मार वाढतो, हे प्रत्येक मार खाणारीला ठाऊक असतं. दुसरं म्हणजे हमीदाचं बघा ना. शिकवणारा तोच, सोबत राहणारा तोच, अलीगड, मुंबई, कल्याण असा सगळीकडे संसार त्याच्यासोबत, दुधाचा धंदा दोघांचा. माहेर तर कुस्तीपायी कधीच सुटलेलं. मग ती त्याच्यावर हात उगारून जाणार कुठे? आखाड्यात समोरचा पडला की कुस्ती निकाली होते, पंच हात वर करतो. घरात पंच नसतो आणि कुस्ती संपतही नाही.

नंतर सलाम पहिलवान अलीगडला निघून गेले. हमीदा कल्याणलाच राहिली. दूध विकायची, काही खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, त्यावर दिवस काढायची. पैसे संपले की घरी खाण्याचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला बसून विकायची. जी एकेकाळी रोज साडेपाच लिटर दूध प्यायची ती आता मापानं दूध विकत होती. तिच्याकडून दूध घेणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल, की या बाईची कुस्ती बघायला २० हजार माणसं जमायची? १९८६ साली ती गेली. शेवटचे दिवस फार हालाखीचे होते.

ही उरलेली अर्धी गोष्ट. ही त्या बाईला सांगितली तर ती पोरीला पाठवायचीच नाही, अशी मला भीती वाटली. पण रात्री झोप लागेना. मी तिला फसवलं असं वाटत राहिलं. आणि विचार करता करता माझ्याच लक्षात आलं, की मी भीत होते ते उगाच. हमीदाचं वाईट कुस्तीनं झालं नाही. तीनशे कुस्त्यांत जे झालं नाही ते एका माणसानं केलं, आणि तेव्हा तिच्या बाजूला कुणी नव्हतं. म्हणजे मुलीला खेळू द्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. तिच्या बाजूला आपण उभं राहणार की नाही, हा आहे.

तेव्हाच्या आणि आताच्या काळात फरकही आहे. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठीचं ४९८अ कलम १९८३ साली आलं. हमीदाला त्याचा काय उपयोग होणार! घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात लग्न झालेलीच नाही, तर लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेली बाईसुद्धा दाद मागू शकते. हमीदाचं लग्न झालं होतं की नव्हतं, हा वाद आज तिच्या आड आला नसता. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. फ्रिजवर लिहून ठेवा. आपल्याला नाही लागला तर शेजारणीला लागेल.

आणि खेळणाऱ्या लेकींच्या आयांनो, तुम्हाला वेगळं सांगते. मुलीच्या नावाचं बँकेचं खातं हवं, बक्षिसाचे पैसे तिच्याच खात्यात जायला हवेत. तिची प्रमाणपत्रं, ओळखपत्रं, पुढे पासपोर्ट निघाला तर तोही घरात तिच्या हाताशी हवा, शिकवणाऱ्याच्या कपाटात नको. सर कितीही चांगले असोत, बाहेरगावी जाताना बरोबर कोण बाई आहे, मुक्काम कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला असं विचारल्याचा राग येत नाही.

बाईंची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली, म्हणजे हमीदानं युरोपचं स्वप्न पाहिल्यावर पन्नास वर्षांनी. बॉक्सिंग आलं २०१२ ला, आणि त्याच वर्षी लंडनला मेरी कोमनं ब्राँझ मिळवलं. २०१६ ला साक्षी मलिकनं रिओमध्ये कुस्तीचं पदक आणलं. निजामाबादच्या निखत झरीननं २०२२ मध्ये तुर्कस्तानात जाऊन बॉक्सिंगचं जगज्जेतेपद जिंकलं. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील. कुठली म्हणाल? कल्याणची! ते वाचून माझ्या अंगावर काटाच आला.

आमच्या गटातल्या त्या बाईनं शेवटी काय केलं? नवऱ्याची वाट न बघता देवघरातला कागद काढला आणि आईची सही जिथे करायची तिथे केली. घरात आठवडाभर अबोला होता. पोरगी गेली, दुसऱ्याच फेरीत हरली, ओठ फोडून घेऊन परत आली. आजीनं हळद लावली आणि बडबड केली. पण सोमवारी पहाटे पोरगी सरावाला निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी सायकलमध्ये हवा भरून ठेवली होती. एवढंच. याहून मोठं अजून काही झालेलं नाही.

तिच्या घरी हाच पेपर येतो. आज ती हे वाचेल आणि तिला कळेल, की ताईंनी त्या दिवशी अर्धीच गोष्ट का सांगितली. रागावली तर रागावू दे. पुढच्या मीटिंगला चहा तिच्याकडून घेऊ, आणि हमीदाच्या नावानं एक कप जास्तीचा.